हाडांचा रोजमेळ

येत्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता माझ्या डाव्या हाताच्या शिरेत सुई टोचली जाईल आणि पंधरा-वीस मिनिटांत शंभर मिलिलिटरची एक बाटली माझ्या अंगात रिकामी होईल. तिच्यात औषध असेल अवघं पाच मिलिग्रॅम. चिमटीतही सापडणार नाही एवढं. नाव झोलेड्रॉनिक ॲसिड. वर्षातून एकदाच घ्यायचं, आणि ते थेट हाडांत जाऊन बसतं.

गेल्या पावसाळ्यात गॅलरीत पाय घसरला. हात टेकला आणि मनगट मोडलं. मनगट दीड महिन्यात जुळलं, पण पाठदुखी काही हटेना. एक्स-रे काढला तर कण्यातला एक मणका चेपलेला. तो कधी चेपला, मला कळलंही नव्हतं. मग हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी झाली. आकडा आला उणे ३.१. उणे अडीच आणि त्याखाली गेलात की ऑस्टिओपोरोसिस, ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९९४ मध्ये आखलेली आहे. तेहतीस वर्षं बँकेत काढल्यामुळे उणे आकडा पाहिला की माझ्या पोटात आपोआप गोळा येतो. परकर जमिनीला टेकतात म्हणून दोन वर्षं मी शिंपीणबाईंना दोष देत होते. परकर बिचारे होते तेवढेच होते, मीच दीड इंच खाली आले होते.

आमच्या आईची कंबर वाकली होती. सासूबाईंची तर इतकी की देवघरात दिवा लावताना त्यांना वाकावं लागत नसे. याला आजार म्हणतात हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नाही. वय झालं, एवढंच म्हणायचं. बायकांची वयंही लवकर व्हायची.

आता हा एका सुईचा प्रकार. पण त्याआधीची तयारी मुंजीच्या घरासारखी. आधी रक्त तपासायचं. मूत्रपिंडं धड आहेत ना, हे क्रिएटिनिनवरून पाहायचं, कारण ती अधू असतील तर हे औषध देत नाहीत. कॅल्शियम पाहायचं. ड जीवनसत्त्व पाहायचं. माझं ते इतकं कमी निघालं की दोन महिने पुड्या घेऊन ते वर आणावं लागलं. पायाच कच्चा असताना हे औषध दिलं तर रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली येतं. मग दाताच्या डॉक्टरांकडे. हाडांच्या औषधासाठी दात कशाला, असं मलाही वाटलं होतं. क्वचित का होईना, या औषधानंतर जबड्याचं हाड बरं होण्याचं विसरतं. म्हणून किडलेल्या दाढा आधी काढायच्या, जखम भरू द्यायची, मग सुई. माझी एक दाढ त्यात गेली. आदल्या रात्रीपासून भरपूर पाणी प्यायचं. पहिल्या वेळी साधारण तिघींपैकी एकीला तीन दिवसांत ताप, अंगदुखी, फ्लूसारखं होतं, तेव्हा पॅरासिटामॉल जवळ ठेवायचं. यांना खिचडी टाकता येते. ती सोयही झाली.

राहता राहिली भीती. गोळी नाही सोसली तर दुसऱ्या दिवशी बंद करता येते. हे औषध एकदा हाडांत बसलं की वर्षानुवर्षं तिथंच राहतं. बँकेत चुकीची नोंद झाली तर उलटी नोंद करून सावरता येते. इथं उलट नोंदीची सोय नाही. दवाखान्यातल्या एका तरुण मुलानं संमतीपत्र पुढं सरकवून कुठं सही करायची तिथं बोट ठेवलं. मी वाचायला लागले तर तो घड्याळ पाहू लागला. मी कागद घरी घेऊन आले. आयुष्यभर लोकांच्या सह्या घेतल्या. न वाचता केलेल्या सह्या पुढं कुठं नेतात, हे मी पाहिलेलं आहे.

माझा भाचा डॉक्टर आहे. त्याला फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा बोलता बोलता त्यानं फुलर अल्ब्राइट हे नाव घेतलं. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला हे नाव चुकवता येत नाही. दोन-तीन आजार तर त्याच्याच नावानं ओळखले जातात. पण माझ्या आईची, सासूबाईंची आणि आता माझी कंबर नेमकी कशामुळे वाकते, हा प्रश्न ज्यानं पहिल्यांदा धड विचारला तो हाच माणूस, असं भाचा म्हणाला. त्याचा शेवट कसा झाला, हेही त्यानं सांगून टाकलं. नंतर बहुधा त्याला वाटलं असावं की सुई घ्यायला निघालेल्या मावशीला हे सांगायला नको होतं. मला मात्र त्या माणसानं सोडलं नाही. गेले तीन आठवडे मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचते आहे.

अल्ब्राइट जन्मला १२ जानेवारी १९०० रोजी, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात. म्हणजे शतकाचं आणि त्याचं वय बरोबरीनं चालणार. वडील जॉन अल्ब्राइट हे त्या शहरातले बडे उद्योगपती, दानशूर म्हणून नावाजलेले. १९०५ मध्ये उघडलेलं तिथलं कलादालन त्यांच्याच देणगीतून उभं राहिलं. आईचं माहेरचं आडनाव फुलर, तेच मुलाचं नाव झालं. घरात पैसा होता, मुलगा हुशार होता. हार्वर्डमध्ये शिकून १९२४ मध्ये तो डॉक्टर झाला. अशा मुलानं श्रीमंत वस्तीत पाटी लावून सुखात राहायचं. हा गडी मात्र बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जोसेफ ऑब नावाच्या डॉक्टरच्या हाताखाली शिशाची विषबाधा आणि शरीरातलं कॅल्शियम यांचा हिशेब ठेवत बसला.

हिशेब हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. या रुग्णालयात १९२५ मध्ये वॉर्ड ४ नावाचा एक छोटा विभाग निघाला होता. तिथल्या रुग्णाला काय होतंय हे नुसतं विचारत नसत, मोजत असत. त्याच्या पोटात जाणारा प्रत्येक घास स्वयंपाकघरात तोलला जाई. ताटात टाकलेलं परत तोललं जाई. आणि शरीरातून बाहेर पडणारं सगळं, अगदी सगळं, गोळा करून त्यातलं कॅल्शियम, फॉस्फरस, नायट्रोजन मोजलं जाई. आत किती आलं, बाहेर किती गेलं, शिल्लक किती. हे एक-दोन दिवस नव्हे, आठवडेच्या आठवडे चाले. मी हे वाचलं तेव्हा मला आमच्या शाखेतल्या ३१ मार्चच्या रात्री आठवल्या. आठ आण्यांचा फरक सापडेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. मॅनेजर स्वतःच्या खिशातून आठ आणे काढून देतो म्हणाले तर आमचे हेड कॅशियर चिडायचे; प्रश्न आठ आण्यांचा नसतो, ते कुठं गेले याचा असतो. अल्ब्राइट आमच्या हेड कॅशियरच्या जातीचा होता. हाडांतून कॅल्शियम गेलं, हे कुणालाही दिसत होतं. ते कुठल्या वाटेनं गेलं आणि कुणी सोडलं, हे त्याला हवं होतं.

इथं एका रुग्णाची गोष्ट सांगायलाच हवी. व्यापारी जहाजावरचा एक कप्तान, चार्ल्स मार्टेल. उंच, धिप्पाड माणूस. काही वर्षांत त्याची हाडं अशी विरघळत गेली की तो सात इंचांनी बुटका झाला. दीड इंचानं माझं काय झालं ते वर लिहिलंच आहे. मानेत थायरॉइड ग्रंथीच्या मागं गव्हाच्या दाण्याएवढ्या चार छोट्या ग्रंथी असतात, त्यांना पॅराथायरॉइड म्हणतात. रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. त्यांतली एखादी माजली की ती हाडांची तिजोरी फोडून रक्तात कॅल्शियम ओतत सुटते. कप्तानाची एक ग्रंथी माजली असणार, हे १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी ओळखलं आणि त्याला बॉस्टनला पाठवलं. ऑब, त्याचे सहकारी आणि तरुण अल्ब्राइट यांनी वॉर्डात त्याचा कॅल्शियमचा हिशेब मांडला. सर्जननी मान उघडली. ग्रंथीची गाठ सापडेना. पुन्हा उघडली, पुन्हा नाही. अशा सहा शस्त्रक्रिया झाल्या. मधल्या काळात कप्तान स्वस्थ बसला नव्हता. वैद्यकाच्या ग्रंथालयात जाऊन तो स्वतःच शरीरशास्त्र वाचत होता. ग्रंथी मानेत नसेल तर छातीत उतरलेली असेल, तिथं शोधा, हा आग्रह त्यानं धरला. १९३२ मध्ये सातव्या वेळी छाती उघडली आणि गाठ तिथंच निघाली. हिशेब जुळला. पण मूत्रपिंडं तोवर मुतखड्यांनी पार नासली होती. थोड्याच आठवड्यांत कप्तान गेला.

संमतीपत्र घरी आणून वाचण्याबद्दल मला जे बोललं गेलं, त्यावर या कप्तानाचा मला फार आधार वाटतो.

मधे एक वर्ष, १९२८-२९ मध्ये, अल्ब्राइट व्हिएन्नाला याकोब एर्डहाइम या हाडांच्या विकृतिशास्त्रज्ञाकडे राहून आला. मेलेल्या हाडाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली कसे वाचायचे, हे तो तिथं शिकला. परत आल्यावर जिवंत माणसाचा रोजमेळ आणि मेलेल्या हाडाची चकती, या दोन वह्या शेजारी ठेवून वाचणारा माणूस त्याच्याइतका दुसरा झाला नाही, असं मी वाचलेल्यातून दिसतं. मुतखड्याच्या रुग्णांचं कॅल्शियम तो सरसकट तपासू लागला, तेव्हा पॅराथायरॉइडचे कित्येक रुग्ण हाडं मोडण्याच्या कितीतरी आधीच सापडू लागले. १९३७ मध्ये हाडं, त्वचेवरचे डाग आणि मुलींना फार लवकर येणारं वयात येणं, यांचा एक आजार त्यानं वर्णिला. १९४२ मध्ये आणखी एक. त्याच वर्षी एका आजाराच्या शोधनिबंधावर त्यानं तरुण सहकारी क्लाइनफेल्टर याचं नाव आधी घातलं. तो आजार आज क्लाइनफेल्टरच्याच नावानं ओळखला जातो. वरिष्ठांची नावं पहिली टाकण्याची आपल्याकडची रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी हे दोनदा वाचावं.

आता माझ्या आजाराकडे येते. १९४० च्या सुमाराला अल्ब्राइटनं आपल्याकडच्या पोकळ हाडांच्या रुग्णांची यादी काढली. पासष्टीच्या आतले ४२ रुग्ण. त्यांतले ४० जण म्हणजे पाळी गेलेल्या बायका. कागदावर हे आकडे पाहिले की वाटतं, यात काय मोठंसं? कुणीही मोजलं असतं. पण कुणी मोजलं नव्हतं ना! बायका वाकत होत्या, शतकानुशतकं वाकत होत्या, आणि त्यांचं वय झालं म्हणून विषय मिटत होता. या माणसानं बेचाळिसांत चाळीस हा आकडा पाहिला आणि पेन खाली ठेवलं नाही. म्हातारपण हे कारण असतं तर म्हातारेही याच हिशेबानं वाकले असते. तेव्हा कारण वय नव्हे, पाळी थांबल्यावर शरीरातून निघून जाणारं काहीतरी. ते म्हणजे इस्ट्रोजेन हे संप्रेरक.

याला आधार मिळाला कबुतरांचा. माझ्या खिडकीच्या छज्जावर घाण करून ठेवणाऱ्या, जाळी लावली तरी आत शिरणाऱ्या या प्राण्याबद्दल मला तिळमात्र प्रेम नाही; पण इथं त्याला श्रेय देणं भाग आहे. १९३४ मध्ये शिकागोच्या संशोधकांनी पाहिलं होतं की अंडी घालायच्या आधी कबुतराच्या मादीची हाडं आतून नव्या हाडानं भरून जातात. अंड्याच्या कवचाला लागणारं कॅल्शियम ती असं आगाऊ साठवून ठेवते. पुढं नर कबुतरांना इस्ट्रोजेन टोचलं तर त्यांच्याही हाडांत तसंच हाड भरलं. अल्ब्राइटला दुवा मिळाला. त्यानं वाकलेल्या बायकांना वॉर्डात ठेवलं, घास तोलले, रोजमेळ लिहिला आणि इस्ट्रोजेन दिलं. शरीरातून वाहून जाणारं कॅल्शियम राहू लागलं. उण्याच्या खाती अधिक दिसू लागलं. १९४१ मध्ये हे सगळं अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आलं आणि रजोनिवृत्तीनंतरचा ऑस्टिओपोरोसिस हा म्हातारपणाचा भोग न राहता आजार झाला. आजार म्हटला की उपाय शोधता येतो. भोगावर काय शोधणार?

त्याचं सगळंच बरोबर निघालं, असं मुळीच नाही. त्याला वाटलं, इस्ट्रोजेन गेलं की नवं हाड बांधणारे गवंडी सुस्तावतात. आज आपल्याला ठाऊक आहे की मुख्य गोंधळ पाडणाऱ्यांचा असतो. हाड म्हणजे काही सिमेंटचा खांब नव्हे. आपल्या अंगात जन्मभर जुनं हाड पोखरणाऱ्या आणि त्या जागी नवं बांधणाऱ्या पेशींच्या टोळ्या काम करत असतात. इस्ट्रोजेन असेपर्यंत पोखरणाऱ्यांवर मुकादम असतो. ते गेलं की पोखरणारे मोकाट सुटतात, आणि बांधणारे धावून धावून पुरे पडत नाहीत. म्हणजे अल्ब्राइटनं चोरी पकडली, चोराच्या टोळीचं नाव चुकलं. त्याचा उपायही पुढं निर्धोक राहिला नाही. नुसतं इस्ट्रोजेन दिल्यानं गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो, हे १९७५ मध्ये पुढं आलं. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रचंड पाहणीत संयुक्त संप्रेरकांनी हाडं वाचवली, पण स्तनांचा कर्करोग आणि पक्षाघात वाढलेले दिसले, आणि ती चाचणी अर्ध्यात थांबवावी लागली.

आपली चूक छापायला त्याला लाज वाटत नसे, हे मला विशेष आवडलं. एका मुलाचं मांडीचं हाड मोडलं होतं, त्याला प्लास्टरमध्ये निजवून ठेवलं होतं. रक्तातलं कॅल्शियम भयंकर चढलं. पॅराथायरॉइडची गाठ असणार म्हणून मान उघडली, तर आत काहीच नाही. मग उमगलं की नुसतं निपचित पडून राहिल्यानंच हाडं कॅल्शियम सोडत होती. अल्ब्राइट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये तेही प्रसिद्ध करून टाकलं, म्हणजे दुसऱ्या कुणी उगाच एखाद्या पोराची मान उघडू नये. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला मोडल्या पायासकट महिनोन्महिने खाटेवर निजवून ठेवणाऱ्यांनी हा भाग वाचायला हरकत नाही.

आतापर्यंत मी एक गोष्ट मुद्दाम मागं ठेवली. हे सगळं चाललं होतं तेव्हा अल्ब्राइटला कंपवात झालेला होता. पार्किन्सनचा आजार. पस्तिशी-छत्तिशीतच त्याची सुरुवात झाली. लग्न होऊन तीन-चारच वर्षं झाली असतील; पत्नी क्लेअर, पुढं दोन मुलगे. १९४१ चा तो निबंध, १९४२ ची कामं, १९४८ मध्ये रायफेनस्टाइनबरोबर लिहिलेला पॅराथायरॉइड आणि हाडांच्या आजारांवरचा जाडजूड ग्रंथ, हे सारं कापत्या शरीराचं काम आहे. हात लिहू देईना, बोलणं अडखळू लागलं, अनोळखी माणसाला ते समजेनासं झालं. तरी रुग्णांची रांग हटली नाही की शिकायला येणाऱ्या तरुण डॉक्टरांची. १९४४ मध्ये संशोधक डॉक्टरांच्या परिषदेचा अध्यक्ष म्हणून त्यानं जे भाषण केलं, त्यात चक्क व्यंगचित्र होतं: एकाच वेळी दोन घोड्यांवर स्वार होऊ पाहणारा माणूस. एक घोडा रुग्णसेवेचा, दुसरा संशोधनाचा. हसवणं त्याला जमायचं. आणि ज्या माणसाला धड उभंही राहता येत नव्हतं, त्यानं दोन घोड्यांचं चित्र निवडावं, याचं मला हसूही येतं आणि नाहीही.

मग आलं १९५६ साल.

न्यूयॉर्कमध्ये आयर्विंग कूपर नावाचा मेंदूचा सर्जन कंपवातावर शस्त्रक्रिया करत होता. १९५२ मध्ये एका रुग्णाच्या मेंदूतली एक छोटी रक्तवाहिनी अपघातानं त्याला बांधावी लागली होती आणि त्या माणसाचा कंप थांबला होता. त्यावरून पुढं त्यानं रीत बसवली: कवटीला भोक पाडायचं, आत बारीक नळी घालायची आणि मेंदूच्या खोल भागातल्या एका ठिपक्यात अल्कोहोल सोडून तेवढी जागा मारायची. रुग्ण या वेळी जागा असे. काहींचे हात खरोखरच थांबले. मात्र हे सारं नवं होतं, आणि बॉस्टनमधल्या अल्ब्राइटच्या मित्रांना, सहकाऱ्यांना ते पसंत नव्हतं. त्यांनी त्याला नको म्हटलं.

तो गेला. वय ५६, आजार वीस वर्षांचा. एका बाजूला केलेल्या शस्त्रक्रियेचा गुण आला. मग दुसऱ्या बाजूला केली, आणि मेंदूत रक्तस्राव झाला. त्यानंतर तो बोलला असा नाही, उठला असा नाही. त्याला त्याच्याच रुग्णालयात, मॅसॅच्युसेट्स जनरलमध्ये आणलं, आणि तिथं तो तेरा वर्षं पडून होता. जिथं त्यानं लोकांचे घास तोलले होते तिथंच, दुसऱ्याच्या हातून घास खात. ८ डिसेंबर १९६९ ला तो गेला.

इथवर आल्यावर मी दोन दिवस वाचणं बंद केलं होतं. संमतीपत्र ड्रॉवरमध्ये उलटं घालून ठेवलं. जगातला सगळ्यात चोख हिशेबनीस, पुरावा असल्याशिवाय पाऊल न टाकणारा. त्यानं स्वतःच्या बाबतीत असा जुगार का खेळावा? मित्र शहाणे होते आणि हा वेडा, असं म्हणणं आज सोपं आहे. १९६७ मध्ये लेव्होडोपाच्या गोळ्यांनी कंपवाताचे रुग्ण उठून चालू लागल्याच्या बातम्या आल्या. आणखी अकरा वर्षं थांबला असता तर? पण १९५६ च्या जून महिन्यात अकरा वर्षांनंतरचं पान कुणाच्या वहीत होतं? कर्ज मंजूर करताना आम्ही कागद तपासायचो, तारण तपासायचो, आणि तरीही शेवटी एक सही अशी असायची जी कागदांच्या पलीकडची असायची. काही कर्जं बुडाली. ती बुडाल्यावर चौकशी अधिकाऱ्यांना सगळंच स्पष्ट दिसायचं. माझ्याही एका कर्जाची अशी चौकशी झाली होती, त्यामुळे मागून शहाणं होणाऱ्यांविषयी माझं मत फारसं बरं नाही. अल्ब्राइटला जे जगणं उरलं होतं त्याचा हिशेब त्याच्या मित्रांना नव्हे, त्यालाच ठाऊक होता. न बोलता येणं म्हणजे काय, हात न उचलणं म्हणजे काय, हे तो वीस वर्षं भोगत होता. त्याची सही चुकली असं मला वाटत नाही. तिचा परिणाम वाईट झाला. या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि मला त्या वेगळ्या करायला दोन दिवस लागले.

वाचताना एक तारीख मात्र अशी सापडली की मी जागेवरून उठलेच. नळात, बॉयलरमध्ये चुन्याचा थर साचू नये म्हणून पाण्यात काही फॉस्फेटं घालत असत. हर्बर्ट फ्लाइश नावाच्या स्विस संशोधकाच्या ध्यानात आलं की आपल्या लघवीतही असाच एक पदार्थ आहे आणि तो कॅल्शियमचे खडे होऊ देत नाही. तो पोटातून दिला तर टिकत नाही, म्हणून त्याच जातीतले टिकाऊ भाऊबंद शोधले गेले. ते नुसतं कॅल्शियम साचणं थांबवतात असं नव्हे, हाड विरघळणंही थांबवतात, असं दिसलं. बिस्फॉस्फोनेट म्हणतात ते हेच. माझ्या बाटलीतलं झोलेड्रॉनिक ॲसिड याच घराण्यातलं. हाड विरघळणं थांबतं, ही बातमी सायन्स या नियतकालिकात छापून आली ती सप्टेंबर १९६९ मध्ये. अल्ब्राइट तेव्हा जिवंत होता. पुढं तीन महिने जगला. ज्या दरवाजातून कॅल्शियम बाहेर जातं तो शोधण्यात ज्याची उमर गेली, त्याच्या उशाशी त्या दरवाजाची कडी येऊन पडली होती, आणि त्याला ते सांगता येण्याजोगं नव्हतं.

त्यानंतर मी संमतीपत्र काढलं आणि पहिल्यांदा ते बँकेच्या नजरेनं वाचलं. टक्के बाजूला ठेवले आणि माणसं मोजली. झोलेड्रॉनिक ॲसिडची मोठी चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. सात हजारांवर बायका, तीन वर्षं, दर वर्षी एक सुई. नुसतं पाणी टोचलेल्या शंभर जणींतल्या साधारण अकराजणींचा मणका चेपला, औषध घेतलेल्या शंभरांतल्या साधारण तिघींचा. खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण शंभरात अडीचवरून दीडच्या खाली आलं. खुब्याचा फरक छोटा दिसतो. पण खुबा मोडून बिछान्याला खिळलेली आई मी आठ महिने सांभाळली आहे, त्या एकीत ती असती तर मला तो छोटा वाटला नसता. दुसऱ्या बाजूला ताप येण्याची बरीच शक्यता, जबड्याचा त्रास फार क्वचित, आणि वर्षानुवर्षं घेत राहिलं तर मांडीचं हाड विचित्र जागी मोडण्याची दुर्मीळ शक्यता. म्हणूनच काही वर्षांनी औषधाला सुट्टी देतात. पोखरणाऱ्यांना आवर घालायचा, पण कायमचं हातपाय बांधून ठेवायचं नाही, कारण जुनं पोखरल्याशिवाय नवंही बांधलं जात नाही. हे सगळं डॉक्टरांना विचारलं. मोठ्या डॉक्टरांनी, हे सांगायला हवं, न कंटाळता वीस मिनिटं दिली.

अल्ब्राइटच्या टेबलाशी आणि माझ्या सुईशी बरोबरी करण्यात अर्थ नाही, हे मला कळतं. त्याच्यापुढं अंधार होता. माझ्यापुढं हजारो बायकांचे घास तोलून लिहिलेली वही आहे, आणि तिचं पहिलं पान त्याच्या हातचं आहे.

काल रात्री जेवणं झाल्यावर मी सही केली. निळ्या शाईनं, पूर्ण सही, आद्याक्षरं नव्हे. नातेवाइकाच्या रकान्यात यांनी केली. यांनी कागद वाचला नाही हे माझ्या लक्षात आलं, पण जामीनदार बहुधा वाचत नाहीतच. मग स्वयंपाकघराच्या चौकटीपाशी पाठ टेकून उभी राहिले. तिथं नातवाच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा आहेत, दर वाढदिवसाची एक. यांना डोक्यावर फूटपट्टी आडवी धरायला सांगितली. रेघ मारली, शेजारी तारीख घातली. नातवाची शेवटची रेघ माझ्या रेघेच्या दोन बोटं वर निघाली. पुढच्या वर्षी याच दिवशी पुन्हा उभी राहून पाहायचं आहे. बुधवारी रात्री उशाशी तांब्याभर पाणी भरून ठेवायचं, पॅरासिटामॉलची पट्टी आणायची, आणि मूगडाळ संपली आहे.